मतपेटीत टाकलेला अर्ज

आमच्या चाळीत कुणाला अर्ज लिहून हवा असला की तो आमच्या दारात चपला काढी. घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी ती चाळ होती, चौदा बिऱ्हाडांची. त्यातल्या प्रत्येकाचं रेशनिंगच्या कचेरीत, म्युनिसिपालिटीत नाही तर मुलाच्या शाळेत काहीतरी अडलेलं असायचं, आणि ते सोडवायला बाबा बसलेलेच असायचे. गिरणीत वीस वर्षं टाइमकीपर म्हणून हजेरी मांडून त्यांचा हात असा बसला होता की त्यांनी लिहिलेलं पाकीट पाहून पोस्टमनही दोन शब्द बरे बोलून जाई.

अर्जाच्या बाबतीत बाबा कडक होते. अर्ज एका पानाच्या वर जाता कामा नये. त्यात खोटं एक अक्षर असता कामा नये. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याच नावाने तो असला पाहिजे. उगीच मोठ्या साहेबाला लिहून उपयोग नाही. आणि मूळ कागद टाचल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही. नक्कल टाचली की साहेब नक्कलच समजतो, असं ते म्हणत. बदल्यात कुणाकडून काही घेत नसत. आई ब्लाउज शिवायची आणि तिच्या मशीनवर घर चालायचं. ती मशीनवरूनच म्हणायची, "सगळ्या दुनियेचे अर्ज लिहितात, स्वतःचा एक सोडून." बाबा हसायचे. मला ते हसणं आवडत नसे. मी तेव्हाही तापट होते आणि आता म्हातारपणी निवळले आहे असं कुणी म्हणणार नाही.

बाबांची नोकरी गेली ती काही चूक करून गेली नाही. गिरणीचा मालक बदलला, नव्या मालकाने हिशेब घातला की हजेरीला चार माणसं लागत नाहीत, दोन पुरतात. बाबा जादा ठरलेल्या दोघांतले. एका शनिवारी नोटीस लागली आणि सोमवारपासून ते घरी. त्यानंतर कितीतरी महिने ते पहाटे पाचला उठून, दाढी करून, कोट घालून खुर्चीत बसत आणि सात वाजले की कोट काढून ठेवत. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. मीही नाही.

मी मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली, आणि बाबांनी मला घेऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज गाठलं. सरकारने नोकऱ्या शोधून देण्यासाठी काढलेली ही कचेरी. आम्ही सगळे नुसतं 'एक्स्चेंज' म्हणायचो. तिथे नाव नोंदवलं की एक कार्ड मिळायचं. दर दोन महिन्यांनी जाऊन त्यावर शिक्का मारून आणायचा. शिक्का चुकला की नाव बाद. आणि ज्याची नोंदणी आधीची त्याला जागेचं बोलावणं आधी, म्हणून कार्डावरच्या तारखेला सोन्याचा भाव. माझं कार्ड आईच्या ट्रंकेत तिच्या शालूखाली असे. दोन वर्षांत त्यावर अकरा शिक्के पडले होते आणि बोलावणं एकही आलेलं नव्हतं.

त्या दोन वर्षांत दुसरी एक नोकरी चालून आली होती, तीही शेजारच्याच खोलीतून. आमच्या शेजारच्या काकांनी मुलुंडच्या अलीकडे आग्रा रोडला एका शेडमध्ये पत्र्याच्या बादल्या करायचा कारखाना टाकला होता. सहा माणसं कामाला. चाळ त्यांना चिडवायला 'कारखानदार' म्हणायची आणि त्यांना ते मनातून आवडायचं. त्यांना पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं, ते एकदा गॅलरीत येऊन म्हणाले, "पोरीला पाठवा ना माझ्याकडे. टाइपरायटर सेकंडहँड का होईना, घेतो."

मला तर तिथल्या तिथे हो म्हणायचं होतं. बाबांनी नको म्हटलं. काकांना राग येऊ नये म्हणून फार गोड शब्दांत म्हटलं, पण नको ते नकोच.

रविवारी गॅलरीत दोघांचा वाद ठरलेला. काकांचं म्हणणं असं, की नोकऱ्या देणं हे सरकारचं कामच नव्हे. सरकारने रस्ता करावा, वीज द्यावी, पत्र्याचा कोटा वेळेवर सोडावा आणि बाजूला व्हावं, मग सहाची साठ माणसं मी लावून दाखवतो. सरकार माणसं लावतं ती कशाला, तर एकाने कागद इकडून तिकडे न्यायला आणि दुसऱ्याने तो परत आणायला. बाबांना हे पटायचं नाही. काम ही वीज-पाण्यासारखीच गरज आहे आणि ती पुरवण्याची जबाबदारी सरकारचीच, असं त्यांचं ठाम मत. इतकी धरणं चालली आहेत, पोलादाचे कारखाने चालले आहेत, मग त्यात माणसं लागणारच ना? काका म्हणायचे, लागतील, पण ती तुमच्या घाटकोपरची कशावरून? एकदा मात्र बाबांनी गिरणीचा विषय काढला.

"मालकाला मी नको झालो, तेव्हा त्याला कोणी विचारलं?" बाबा म्हणाले. "सरकारला निदान पाच वर्षांनी विचारता येतं."

सत्तावन साली विचारायची वेळ आली. ती निवडणूक म्हणजे आमच्या चाळीत नुसतं पेटलेलं होतं. मुंबई महाराष्ट्राची की नाही, एवढा एकच प्रश्न भिंतीभिंतीवर, आणि चाळ झाडून सगळी एका बाजूला. सत्तेतल्या पक्षाचा माणूस मतं मागायला आला तेव्हा त्याला कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. काका तर मुंबई महाराष्ट्राची म्हणणाऱ्या बाजूने कारखाना चार दिवस बंद ठेवून फिरत होते. बाबाही त्याच बाजूचे, सभांना जायचे, घोषणा मात्र देत नसत. सभेहून आले की एवढंच म्हणायचे, की सगळे मुंबईबद्दल बोलले, कामाबद्दल कुणी बोललं नाही.

मला वीस पुरी झाली होती आणि मतदानाला एकवीस लागत, त्यामुळे मी सगळ्यांवर रुसून होते. बाबा सकाळी लवकर उठले, इस्त्रीचा कोट घातला, आणि आईबरोबर शाळेत मत द्यायला गेले. तेव्हाची मतदानाची तऱ्हा आजच्या लोकांना सांगावी लागते. कागदावर शिक्का मारायचा नव्हता. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आपण आत एकटं जायचं आणि आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीच्या फटीत सोडायची. आत कोण काय करतं ते बघायला कुणी नाही. आई दोन मिनिटांत बाहेर आली. बाबांना बराच वेळ लागला, असं ती घरी येऊन म्हणाली. फट अरुंद होती, असं बाबा म्हणाले, आणि आम्ही तो विषय तिथेच सोडला.

मोजणीला काका उमेदवाराच्या वतीने टेबलाशी बसायला गेले होते. दिवे लागायच्या सुमारास परतले. त्यांची बाजू जिंकत होती, खाली फटाके वाजत होते, आणि हा माणूस तोंड एवढंसं करून आमच्या दारात उभा. आत येऊन त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं. चाळीत झोपायच्या वेळेआधी कुणी दार लावत नसे, तेव्हा आई मशीन थांबवून बघतच राहिली.

काका सांगू लागले. पेट्या उलट्या केल्या की मतांबरोबर काय काय पडत होतं. कुंकवाच्या पुड्या, बेलाची पानं, देवाचा एक चांदीचा टाक, कुणीतरी देवाला घालावं तसं उमेदवाराला घातलेलं लेखी गाऱ्हाणं. सगळे हसत होते, तेही हसत होते. मग सत्तेतल्या पक्षाची पेटी उलटी केली आणि तिच्यातून एक घडी घातलेला फुलस्केप निघाला, आणि त्याला एक्स्चेंजचं कार्ड टाचलेलं.

"अक्षर बघितलं आणि माझं हसणं गेलं," काका म्हणाले. "मी म्हटलं, द्या, आमच्या शेजाऱ्यांचं आहे. अधिकारी म्हणाला, पेटीतलं काही बाहेर जात नाही, सगळं सीलबंद होणार." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही. पण तुम्ही त्यांना मत दिलंत, भाऊ?"

मी त्यांचं पुढचं ऐकलंच नाही. ट्रंक उघडली, शालू उपसला. कार्ड नव्हतं. दोन वर्षं, अकरा शिक्के. मी वळले आणि बाबांना जे बोलले ते इथे लिहिणार नाही. त्या काळी मुली बापाला तसं बोलत नसत, एवढं सांगते. नोकरी गेल्यापासून तुम्हाला काही कळेनासं झालंय, एवढं एक वाक्य त्यातलं लिहिते, कारण ते अजून मला टोचतं.

 माझं बोलून झाल्यावर बाबांनी आधी काकांना उत्तर दिलं. एरवी ते शुद्ध बोलत, पण मनाला लागलं की त्यांची भाषा कोकणात जायची.

"मत तुमच्याच पेटीत घातलंय. मुंबई आपली, तेत माका काय शंका नाय. अर्ज त्यांच्या पेटीत घातला. काम त्यांच्या हातात आसा मां?"

काका मटकन खाली बसले आणि हसायला लागले. डोळे पुसत पुसत हसले. आईलासुद्धा हसू आवरेना. मी तेवढी उभी होते, ट्रंकेचं झाकण धरून. बाबांनी मला समजावलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळं त्यांच्या नियमाप्रमाणेच होतं. अर्ज एक पान. खोटं अक्षर नाही. ज्याच्या हातात काम त्याच्या नावाने. मूळ कागद टाचलेला. दोन वर्षं खिडकीवरचा कारकून नुसता शिक्का मारतोय, म्हणजे वरच्यांना ही गोष्ट पोचलेलीच नाही, असा त्यांचा समज झाला होता. पेटी थेट वरच्यांची. ते उघडतील, वाचतील. अकरा शिक्के बघून कुणालाही लाज वाटेल, असं त्यांना वाटलं होतं.

आठ दिवसांनी पोस्टमनने एक्स्चेंजचं बोलावणं आणलं. एका सरकारी कचेरीत टायपिस्टच्या जागा भरायच्या होत्या आणि नोंदणीच्या तारखेप्रमाणे माझा नंबर लागला होता. शुक्रवारच्या आत कार्ड घेऊन हजर व्हावे, अन्यथा जागा पुढील उमेदवाराकडे जाईल. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

एक्स्चेंजला जाताना मी त्यांना बजावलं होतं की कार्ड हरवलं म्हणून लिहा. हरवलं म्हटलं की प्रश्न मिटला. त्यांनी ऐकलं नाही. खिडकीत त्यांनी जो अर्ज सरकवला त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की सदर कार्ड मी स्वतः मतदानाच्या दिवशी मतपेटीत टाकले, यात माझ्या मुलीचा दोष नाही. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. मागे रांगेत तीसेक जण उभे होते.

खिडकीतला कारकून नेहमीचाच, चष्मेवाला, कधी मान वर न करणारा. त्याने अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. हसला नाही.

"असं का केलंत?" त्याने विचारलं.

बाबांनी सांगितलं, वरच्या साहेबांना ठाऊक नसेल असं वाटलं.

"ठाऊक आहे हो त्यांना," तो म्हणाला. "जागाच नाहीत. मी इथे बसतो ना, तो हंगामी आहे. माझंही नाव याच कचेरीत नोंदवलेलं आहे."

नियमाप्रमाणे कार्ड गेलं की नवी नोंदणी, नवी तारीख. म्हणजे ही जागा गेली आणि पुढची दोन वर्षंही. ते त्याने आम्हाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर उठला. म्हणाला, आमच्याकडे आमची एक नोंद असते. ती नीट असली आणि साहेबांनी मान्य केलं, तर त्याच तारखेची दुसरी प्रत करून देता येईल. आत जाऊन त्याने लाकडी कपाटाचा एक खण ओढला. आडनावावरून शोधायचं असल्यामुळे तो बोटाने एकेक नोंद सारत होता. मग त्याने दोन नोंदी बाहेर काढल्या आणि खिडकीशी घेऊन आला.

"एकाच पत्त्यावर दोन आहेत," तो म्हणाला. "ही दुसरी तुमची ना?"

बाबांनी मान वळवली. मीच मान आत घालून पाहिलं. बाबांचं नाव. नोंदणी माझ्याच तारखेची. त्या दिवशी मी बाकावर बसले असताना त्यांनी दुसऱ्या खिडकीवर जाऊन आपलंही नाव घातलं होतं आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्यावर आदल्या वर्षीच्या बोलावण्याची नोंद होती: सरकारी वर्कशॉप, टाइमकीपरची एक जागा. आणि तिला टाचलेली एक चिठ्ठी, बाबांच्याच अक्षरातली. कारकुनाने ती मला वाचू दिली. 'माझ्याऐवजी माझ्या मुलीचा विचार व्हावा. ती माझ्यापेक्षा लायक आहे.'

"एकाचं बोलावणं दुसऱ्याला देता येत नाही," कारकून हळूच म्हणाला. आमच्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटत असावं. "ती जागा पुढच्या माणसाला गेली. परत असली जागा आली तरी आता तुमचं वय बसायचं नाही."

मी बाबांकडे पाहिलं. ते रांगेतल्या माणसांना वाट देण्यासाठी जरा बाजूला सरकले होते. ती जागा त्यांनी घेतली असती, तर आईचं मशीन थांबलं असतं, ते पहाटे कोट घालून खरोखरच कामाला गेले असते. मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासा वाटला. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. कारकुनाने साहेबांची सही आणली, मला त्याच जुन्या तारखेचं कार्ड करून दिलं, आणि आम्ही घरी आलो.

मला ती नोकरी लागली. पहिल्यांदा तीन महिन्यांची, मग कायम, आणि मग जन्मभर. काकांचं म्हणणं पुढे मला पुष्कळ पटलं. कागद इकडून तिकडे नेणारे आणि परत आणणारे मी डोळ्यांनी पाहिले, काही दिवस मीही त्यांतलीच होते. त्यांच्या शेडमध्ये सहाची अकरा माणसं झाली, तीही सरकारच्या मदतीशिवाय. पण सरकारने नोकऱ्या द्याव्यात का यावर कुणी तावातावाने बोलू लागलं, की मला त्या खणातल्या दोन नोंदी दिसतात आणि मी वादातून उठते.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवसाचं मात्र सांगायचं आहे. पत्राबरोबर भरायचा एक छापील फॉर्म होता. संध्याकाळी मी तो जमिनीवर पसरून भरायला बसले. आई मशीन सोडून शेजारी येऊन बसली होती, बाबा मागे खुर्चीत. नाव, जन्मतारीख, शिक्षण भराभर लिहून झालं. मग रकाना आला, वडिलांचा व्यवसाय. माझा हात थांबला. टाइमकीपर म्हणावं तर ते सुटून तीन वर्षं झाली होती. मी न वळताच म्हटलं, "बाबा, निवृत्त लिहिते."

"निवृत्त नको," ते म्हणाले. "निवृत्त माणसाला काम नको असतं. मला हवं आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, मग काय लिहू?

"बेकार लिही. सरकारी फॉर्म आहे, खरं तेच लिहायचं."

मी लिहिलं. ते खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावरून वाकून अक्षर नीट आलंय का ते त्यांनी पाहिलं, आणि पुढचा रकाना भर म्हणाले.